केसरबाईंची भैरवी, पुन्हा एकदा सुईखाली

खोकं दुकानात आलं तेव्हा त्याचा एक कोपरा चेपलेला होता. भाच्यानं अमेरिकेहून कपड्यांत गुंडाळून पुण्यापर्यंत अगदी नीट आणलं आणि पुढं पुणे ते कोल्हापूर एवढ्या वाटेत कुरिअरवाल्यानं कुठंतरी आपटलं. माझा जीव खाली-वर झाला. तीनही तबकड्या बाहेर काढून ट्यूबलाइटच्या उजेडात तिरप्या धरून पाहिल्या. तडा नाही, वाक नाही. मगच बसलो.

लक्ष्मीपुरीत रेडिओ, ॲम्प्लिफायर, टेपरेकॉर्डर आणि फोनो दुरुस्त करत माझी पस्तीस वर्षं गेली. तबकड्या हाताळायची सवय आहे. पण अवकाशयानावरच्या तबकडीच्या नकलेचा हा तीन तबकड्यांचा संच मागवला तो गिऱ्हाइकासाठी नव्हे. घरात आत्ती आहे, वय ब्याऐंशी. तरुणपणी इथंच जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं शिकली, पुढं संसारात ते राहिलं. त्याच घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी अवकाशात गेलेली आहे हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. “ती आपल्याला तशीच्या तशी ऐकायला मिळंल का रे?” असं तिनं विचारलं, तिथून हे सुरू झालं.

१९७७ साली नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दुसरं २० ऑगस्टला आधी निघालं, पहिलं ५ सप्टेंबरला. दोन्हींच्या अंगावर एकेक बारा इंची तबकडी बसवलेली आहे. कधी काळी कुणी परकं, माणूस नसलेलं, पण जाण असलेलं कुणी भेटलंच, तर आम्ही कोण होतो हे त्याला कळावं म्हणून. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीनं काही महिन्यांत ती तयार केली. ५५ भाषांतले नमस्कार, पृथ्वीवरचे आवाज, ११५ चित्रं आणि दीड तासाचं संगीत. ती तबकडी नासानं बाजारात कधी विकली नाही. चाळीस वर्षांनी ओझ्मा रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीनं लोकवर्गणी काढली. १० हजारांहून जास्त लोकांनी मिळून १३ लाख डॉलरच्या वर पैसे दिले आणि हा संच निघाला. २०१८ साली त्याला उत्तम पेटी-संचाचं ग्रॅमीही मिळालं. वर्गणीची किंमत ९८ डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या भावानं सहा हजारांच्या वर.

पेटी कापडी आवरणाची, त्यावर सोनेरी रेघांची नक्षी. आत सोनेरी रंगाच्या, आरपार उजेड दिसणाऱ्या तीन तबकड्या, ९६ पानांचं पुस्तक आणि मूळ तबकडीच्या झाकणावर कोरलेल्या आकृतीचा एक सुटा छापील कागद. पुस्तक इंग्रजीत आहे. मी आत्तीला दोन संध्याकाळी बसून मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं.

त्या कागदापाशी मी फार वेळ थांबलो. माझ्या दुकानात अशी यंत्रं खूप आली ज्यांची माहितीपुस्तिका जपानीत असायची. अक्षर एक कळायचं नाही, आकृती बघून काम करायचो. इथं तर वाचणाऱ्याला पृथ्वीवरची कुठलीच भाषा येत नाही असं धरून आकृती काढलीय. तबकडी वरून कशी दिसते, बाजूनं कशी दिसते, सुई कुठं टेकवायची. एक फेरा ३.६ सेकंदांत व्हायला हवा, पण सेकंद म्हणजे काय हे त्याला कसं सांगणार? तर हायड्रोजनच्या अणूत जो बदल होतो त्याच्या काळाचं माप वापरलंय, कारण हायड्रोजन सगळीकडं आहे. ३.६ सेकंदांना एक फेरा म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे, आपल्या लाँग प्लेच्या बरोबर निम्मा वेग. वेग कमी केला म्हणून एवढं सगळं एका तबकडीत बसलं. जुन्या चार वेगांच्या चेंजरवर ‘१६’ असा खटका असायचा. तो कशासाठी असतो असं पोरं विचारायची.

यानावरच्या तबकडीसोबत कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवायचा भाग, आणि सुईसुद्धा पाठवलीय. चित्रंही तबकडीच्या खाचांतच भरलीत. पहिलं चित्र नुसतं एक वर्तुळ आहे. ते वर्तुळ गोल उमटलं म्हणजे तुमचं यंत्र बरोबर जुळलं, पुढं चला. दूरदर्शनवर कार्यक्रमाआधी तो चौकटी-वर्तुळाचा पडदा यायचा आणि आम्ही त्यावर टीव्ही जुळवायचो, तेच. ज्यानं हे काढलं त्यानं हातानं यंत्र दुरुस्त केलेलं असणार, असं मला मनापासून वाटलं.

मूळ तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफ बाजारातल्या, एका कारागीर मित्राला मी विचारलं, सगळीच सोन्याची का केली नसेल? तो म्हणाला, सोनं मऊ, खाच टिकायची नाही. तांबं धरून ठेवतं आणि सोनं त्याला काळं पडू देत नाही. ॲल्युमिनियमच्या झाकणावर युरेनियमचा एक ठिपका आहे. तो साडेचार अब्ज वर्षांत निम्मा होतो, म्हणजे किती झिजलाय ते मोजून तबकडीचं वय काढता येईल. आपला हा संच मात्र साध्या व्हिनाइलचा, ३३⅓ वेगाचा, घरच्या प्लेअरवर वाजणारा. चित्रं पुस्तकात छापलीत.

पहिल्या रविवारी सकाळी लावली. बेल्ट नवा घातला होता, सुईही नवी. नमस्कारांत मराठी आलं तेव्हा आत्ती सरळ होऊन बसली. एका बाईंचा आवाज आहे. पृथ्वीवरची माणसं शुभविचार पाठवतात आणि तुम्ही ह्या जन्मी धन्य व्हावं अशी त्यांची इच्छा आहे, अशा अर्थाचं त्या बोलतात. गुजरातीत त्यापुढं जाऊन संपर्क करा असं सांगितलंय. आत्तीला आपलं मराठी आवडलं. “काही मागितलं न्हाई बघ तिनं,” म्हणाली.

पुढं वारा, पाऊस, बेडूक, घोडागाडी, आगगाडी, रडणारं बाळ. हे चांगलं आहे, पण मला संगीताकडं जायचं होतं.

एकूण २७ तुकडे आहेत. सगळ्यांविषयी लिहीत नाही. काही मला कळलेच नाहीत. बल्गेरियाची एक बाई गाते, मागं मशकीसारखं वाद्य धरून ठेवलेलं, आणि तिचा आवाज असा उघडा, डोंगराला हाक मारल्यासारखा, की मला पोवाडा म्हणणारा शाहीर आठवला. जॉर्जियाच्या पुरुषांचं समूहगान आहे, त्यात तीन आवाज एकमेकांत असे घासतात की पहिल्यांदा माझा स्पीकर फाटला असं वाटलं. सेनेगलचे ढोल लागल्यावर शेजारच्या दुकानातला पोरगा आत आला आणि म्हणाला, “काका, खासबागेत कुस्त्या हायेत व्हय आज?” हलगीच वाटली त्याला. मी त्याला बसवून पुन्हा लावलं.

निवडीवर माझी तक्रार आहे. २७ पैकी आठ तुकडे युरोपच्या जुन्या लिखित संगीताचे. बाख तीन वेळा, बीथोवेन दोनदा. आणि सगळ्या भारताला मिळून एक. तालाच्या बाजूनं तर आपल्याकडचं काहीच नाही. पखवाज नाही, मृदंग नाही. बाख इतका का, त्याचं कारण समजून घेतलं तर पटतं. ऐकणाऱ्याला कान असतीलच असं नाही. पण सुई थरथरणार, ती थरथर मोजता येणार. वरचा सा खालच्याच्या दुप्पट, सा आणि पंचमाचं नातं दोनास तीन. हे गणित कोल्हापुरात आहे तेच कुठल्याही ताऱ्यापाशी असणार. बाखच्या रचनेत ही गणितं स्वच्छ, मांडून ठेवल्यासारखी दिसतात. ज्याला दुसरं काही कळणार नाही त्याला एवढं तरी कळावं, असा तो विचार.

मी आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, कोल्हापुरातून एकच आवाज पाठवायचा तर कुठला? पानपट्टीवाला म्हणाला ढोलकीवरची लावणी. तालमीत जाणारा एक पोरगा म्हणाला हलगी, दुसरं काय. बायको म्हणाली जात्यावरची ओवी, कारण ती कुणाला ऐकवायला म्हटलेलीच नसते. एक शिक्षक म्हणाले अंबाबाईच्या देवळातला चौघडा. मी कागदावर लिहीत गेलो. शनिवारपर्यंत एकोणीस नावं झाली आणि एकही खोडावंसं वाटेना. त्या समितीचं काम केवढं अवघड होतं ते त्या कागदानं मला शिकवलं. तरी पखवाज हवा होता, यावर मी कायम आहे.

आता भैरवी. ती पंचविसावी येते, तिसऱ्या तबकडीवर. ‘जात कहां हो’. लांबी साडेतीन मिनिटांच्या आसपास.

ती तिथं कशी पोचली ते ऐकण्यासारखं आहे. रॉबर्ट ब्राउन नावाचे संगीत-अभ्यासक होते, त्यांनी हीच घ्या असा आग्रह धरला. पण तबकडी बाजारात मिळेना. अॅन ड्रुयन या समितीतल्या बाईंनी न्यूयॉर्क पालथं घातलं आणि शेवटी एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. हे वाचून मी पुस्तक मिटून माझ्याच टेबलाखाली बघितलं. तिथं अजून एक खोकं आहे, जुन्या तबकड्यांचं. कुणीतरी दुरुस्तीच्या पैशांऐवजी देऊन गेलेल्या. असल्या खोक्यातून एक तबकडी निघाली आणि आज ती २५०० कोटी किलोमीटरच्या आसपास लांब आहे, सेकंदाला १७ किलोमीटर जातेय. पहिलं व्हॉयेजर २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर पडलं, दुसरं २०१८ साली.

केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. जन्म १८९२. लहानपणी, आठेक वर्षांच्या असताना, त्यांना कोल्हापुरात आणलं होतं आणि आठ महिने त्या इथं अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या. पुढं १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे त्यांच्या शिष्या झाल्या, आणि १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत तालीम चालू होती. अल्लादिया खाँसाहेब म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळ पुरुष, आमच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. महाराज १९२२ साली गेले आणि मग खाँसाहेबांनी मुंबई गाठली. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ मात्र कोल्हापुरातच राहिले. त्यांनी इथं जे शिकवलं त्यातूनच आत्तीच्या गुरूंपर्यंत आणि तिच्यापर्यंत काही थेंब आले. आमच्या गावात ‘तालीम’ म्हटलं की आधी लाल माती आठवते. आत्तीच्या तोंडी तो शब्द कायम गाण्याचा असतो. दोन्हींत शिकवणारा समोर लागतो आणि वर्षं जातात.

अल्लादिया खाँसाहेबांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. तरुणपणी अतिगायनानं त्यांचा आवाज बसला, पूर्वीचा परत आलाच नाही. जो उरला त्याला साजेल अशी लयीची, पेचदार गायकी त्यांनी घडवली. ज्या आवाजातून हे सगळं जन्मलं तो ऐकायला आज कोल्हापुरात, मुंबईत, कुठंच मिळणार नाही. केसरबाईसुद्धा स्वतःचं गाणं फार जपायच्या. रेडिओवर गाणं त्यांनी पुढं बंद केलं. उचलून नेलेली गोष्ट गाणं होत नाही, अशी त्या घराण्याची समजूत. आणि त्यांचीच साडेतीन मिनिटं सगळ्यांत लांब गेली. पहिलं व्हॉयेजर सुटल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या.

आवाजाविषयी सांगतो. ही भैरवी मी आमच्या जुन्या तबकडीवर, मग कॅसेटवर, मग मोबाइलवर ऐकलेली आहे. मोबाइलवर खरखर काढून टाकताना लोक आवाजाची कडही काढून टाकतात, बाई कापसातून गातायत असं होतं. या संचासाठी मूळ मास्टर टेपवरून पुन्हा काम केलंय. खरखर थोडी आहे. पण ‘आ’कार लावल्यावर आवाजाला जी धार येते ती शाबूत आहे. मी ट्रेबल मधोमध ठेवला, बेस एक खूण कमी केला. माझ्या प्लेअरवर हेच बरं वाटलं.

आत्तीनं पहिल्या वेळी डोळे मिटून ऐकलं, काही बोलली नाही. दुसऱ्यांदा लाव म्हणाली. मग विचारलं, “श्वास कुठं घेतला, कळलं का तुला?”

मला नव्हतं कळलं.

“मला बी न्हाई. ती तान सरळ वर जात न्हाई, वळसा घेऊन जाते, आणि वळशात कुठंतरी घेतला असंल. आमचे गुरुजी म्हणायचे, श्वास दिसला की तान तुटली.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “तीन मिनिटांत भैरवी मांडायची म्हणजे काय. एरवी तासभर गातील अशी बाई. काय काय टाकलं असंल तिनं मनातून.”

त्या काळच्या तबकडीवर तीन-चार मिनिटांपलीकडं काही मावायचंच नाही. सगळ्या गवयांना त्यात बसवावं लागलं. केसरबाईंनी परक्यांसाठी संदेश म्हणून काही गायलेलं नाही. एका बाजूवर मावेल एवढं, नेहमीसारखं, पूर्ण ताकदीनं गायल्या. माझ्या मते म्हणूनच ही निवड चोख आहे. मगाशी गणिताचं म्हणालो ते इथं पुरत नाही. कोमल रिषभावरून षड्जावर येताना बाई ज्या वाटेनं येतात ती वाट मोजता येईल, पण त्या वाटेनं का आल्या ते अपूर्णांकात मिळणार नाही. तिकडं कुणी शोधणारं असलं तर नेमकं इथं थांबेल असं मला वाटतं. स्वर जिथं आहे तिथं नाही, दोन स्वरांच्या मध्ये. तिथं कुणीतरी कुणाकडून तरी पंचवीस वर्षं शिकलेलं आहे.

घ्यावा का संच? ज्यांच्याकडं चालता प्लेअर आहे आणि ज्यांना हे सगळं सलग, ठरवलेल्या क्रमानं ऐकायचं आहे त्यांनी जरूर घ्यावा. प्लेअर नसेल तर दोन सीडींचा संचही निघाला आहे, त्यातही सगळं आहे. नुसती केसरबाईंची भैरवी हवी असेल तर एवढा खर्च करायची गरज नाही. पण क्रमाला अर्थ आहे. भैरवीच्या आधी चीनच्या छिन वाद्याचा सात मिनिटांहून मोठा तुकडा आहे, एकाच माणसानं तारेवर बोट घसरवत वाजवलेला, पाण्याच्या धारेसारखा. त्याच्या मिंडीतून, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाण्यातून, कान तयार होतो आणि मग केसरबाई येतात. मोबाइलवर सुटी ऐकताना हे मिळत नाही. शिवाय तबकडी कुरिअरनं मागवू नका, कुणी येणारं असेल त्याच्याकडून हातात घ्या.

एका गोष्टीवर आत्ती अडली. भैरवी झाली की मैफल संपते, पुढं काही गायचं नसतं. मी सुई उचलायला गेलो तर तबकडीवर अजून दोन तुकडे शिल्लक. “हे चुकलं त्यांचं,” ती म्हणाली. “शेवटाला ठेवायला हवी होती.” मी म्हटलं, एक तेवढं ऐक. पुढचा तुकडा ब्लाइंड विली जॉन्सनचा, १९२७ सालचा. टेक्सासचा आंधळा गायक. गिटारीच्या तारेवर काहीतरी सरकवत वाजवतो आणि गाण्यात शब्दच नाहीत. नुसतं गुणगुणणं, कण्हणं म्हणा, रात्र झालीय आणि टेकायला जागा नाही असं. तारेवरचा सूर आणि गळ्यातला सूर एकमेकांना शोधत जातात.

आत्तीनं पूर्ण ऐकलं. कोण होता म्हणाली. मी पुस्तकात होतं तेवढं सांगितलं. गरीब होता, रस्त्यावर उभा राहून गायचा.

“ह्याचं चालंल,” ती म्हणाली. “ह्यानं भैरवीनंतर गायलं तर चालंल.”

मग पदर सावरून उठली. “एक राहिलंय न्हवं अजून? ते उद्या सकाळी लाव.”